शेणाच्या पोवर बसणारी शिकारीण: हॉर्नेट रॉबर माशी

माळरान

दक्षिण इंग्लंडातल्या जुन्या, कधी नांगर न लागलेल्या कुरणांवर ऑगस्ट-सप्टेंबरात फिरायला जाणार असाल तर टेकड्या नंतर बघा, आधी शेणाचे पो बघा. वरून वाळून पापुद्रा धरलेला पो असला की त्यावर एखादी अडीच-तीन सेंटीमीटर लांबीची काळी-पिवळी माशी बसलेली दिसू शकते. पाय पसरलेले, अंग जमिनीपासून जरा उचललेलं. समोरून काही उडत गेलं की डोकं झटकन तिकडे वळतं. ती शेण खायला आलेली नसते, शेणावर येणाऱ्यांना खायला आलेली असते.

हिचं नाव हॉर्नेट रॉबर माशी (हॉर्नेट म्हणजे मोठी गांधीलमाशी, तिच्यासारखी दिसते म्हणून), शास्त्रीय नाव असिलस क्रॅब्रोनिफॉर्मिस. लिनियसने १७५८ सालीच तिची नोंद करून ठेवलीय. युरोपात बऱ्याच ठिकाणी सापडते, ब्रिटनमध्ये मात्र दक्षिण इंग्लंड आणि वेल्सपुरतीच, आणि तिथल्या सगळ्यात मोठ्या माश्यांत तिची गणना होते. रॉबर माश्यांचं कुळ तसं अवाढव्य आहे. साडेसात हजारांच्या आसपास जाती, अंटार्क्टिका सोडून सगळीकडे. कुणी केसाळ, कुणी काडीसारखी सडपातळ, पण धंदा सगळ्यांचा एकच: मोक्याच्या जागी दबा धरून बसायचं, भक्ष्य टप्प्यात आलं की झडप घालायची, परत येऊन बसायचं आणि त्याला आतून शोषून रिकामं करायचं.

आता हिचं रूप. पोटाचा पुढचा भाग मखमली काळा, मागचा भडक पिवळा. पंखांवर तपकिरी-पिवळसर झाक. पाय नारिंगी-पिवळे, त्यांवर राठ काटे. दोन्ही डोळ्यांच्या मध्ये डोकं खोलगट, ही सगळ्या रॉबर माश्यांची खूण. आणि तोंडावर राठ केसांची झुबकेदार मिशी. ही मिशी मादीलाही असते. पकडलेला किडा तडफडताना पाय झाडतो, नख्या मारतो, तेव्हा चेहरा आणि डोळे वाचवायला ती उपयोगी पडते.

शेणावर ती दोन कारणांनी असते. एक म्हणजे खाणं. शेणावर शेणकिडे येतात, शेणमाश्या येतात, आजूबाजूच्या गवतात नाकतोडे असतात. दुसरं, पिल्लावळ. मादी शेणात किंवा शेणालगत अंडी घालते. अळ्या तिथल्या मातीत शेणकिड्यांच्या अळ्यांवर वाढतात, आणि पूर्ण वाढ व्हायला दोन-तीन वर्षं लागतात असं मानलं जातं. म्हणजे आई वरच्या मजल्यावर मोठे शेणकिडे मारते आणि पोरं तळघरात त्यांची पोरं मारतात.

इथेच खरी गोम आहे. ही माशी कमी झालीय, आणि तिच्याबद्दलच्या बहुतेक लिखाणात 'अधिवासाचा ऱ्हास' असं म्हणून विषय संपवलेला असतो. माझं म्हणणं असं की कुरण दिसायला उत्तम असलं, गुरंही चरत असली, तरी त्या गुरांच्या पोटात कुठलं जंताचं औषध गेलंय यावर या माशीचं भवितव्य ठरतं. आयव्हरमेक्टिनसारखं औषध गुराच्या अंगातून मुख्यतः शेणावाटे बाहेर पडतं, आणि तेही अजून किड्यांना मारण्याइतकं जिवंत असतं. मग पो दिसतो, पण आत काही वाढत नाही. गुरांचे डॉक्टर, कीटकवाले आणि नुसतेच शंका काढणारे, सगळ्यांनी लिहा.

शंकेखोर

'नुसतेच शंका काढणारे' हे आमंत्रण मला उद्देशून आहे असं समजून लिहितो.

पहिली शंका: ही चावते का? दुसरी: हिला हॉर्नेट म्हणून लोक चपलेने मारत असतील, त्याचं काय? तिसरी थोडी मोठी आहे, ती चहा घेऊन आल्यावर.

निवांत

छान धागा. फोटो असता तर मजा आली असती, पण मिशीच्या वर्णनावर भागवून घेतलं. 'आई वरच्या मजल्यावर, पोरं तळघरात' हे भारीच.

मला हॉर्नेट आणि ही यांत फरक कसा करायचा ते सांगा. मी केंटमध्ये राहते. इकडे एशियन हॉर्नेटच्या (बाहेरून आलेली, मधमाश्या मारणारी गांधीलमाशी) बातम्यांनी लोक इतके धास्तावलेत की पिवळं-काळं काहीही दिसलं की हातात फोन.

माळरान

@शंकेखोर, मुठीत पकडलीत तर सोंड खुपसेल आणि चांगलंच दुखेल. एरवी माणसाच्या वाटेला जात नाही. रक्तपिपासू माश्यांपैकी नाही ही. जवळ गेलं की गवतालगत खालून जडसर उडते, थोड्या अंतरावर पुन्हा बसते. नांगी नाहीच. मागे जे टोकदार दिसतं ते पोटाचं टोक, त्यातून डंख वगैरे काही होत नाही.

@निवांत, पहिल्यांदा पंख मोजा. गांधीलमाशीला, हॉर्नेटला चार पंख, माशीला दोन, आणि मागच्या पंखांच्या जागी तोल सांभाळायच्या दोन छोट्या गुंड्या. अर्थात उडत्या किड्याचे पंख मोजणं म्हणजे चालत्या पंख्याची पाती मोजणं, म्हणून दुसऱ्या खुणा बघा. हॉर्नेटच्या मिशा (स्पर्शिका म्हणतोय मी) लांब आणि कोपरात वाकलेल्या असतात. हिच्या आखूड, बारीक. हॉर्नेटची कंबर चिमटीत धरल्यासारखी बारीक, हिचं पोट बुंध्याशी रुंद आणि मागे निमुळतं. सवयही वेगळी. हॉर्नेट पोवर अशी बसून राहत नाही.

एशियन हॉर्नेटशी गोंधळ व्हायचं कारण रंगांची वाटणी. तीही पुढून काळपट, आणि पोटाच्या मागच्या भागात एक ठळक पिवळा-नारिंगी पट्टा. पायांची टोकं पिवळी. पण हिच्यासारखं अर्धं पोट सलग पिवळं नसतं. ब्रिटनमध्ये तो हॉर्नेट पहिल्यांदा २०१६ साली ग्लॉस्टरशरमधल्या टेटबरीला सापडला. शंका आलीच तर फोटो काढून एशियन हॉर्नेट वॉच ॲपवर टाका, तिथे जाणकार बघून सांगतात. चप्पल राहू द्या.

भिंगवाला

डोळ्यांबद्दल कुणीच काही लिहिलं नाही म्हणून शिरतोय. मूळ जातीवरचं हे नाही, तिच्या एका दूरच्या चुलत बहिणीवरचं आहे. पण 'डोकं झटकन वळतं' हे वाचल्यावर राहवलं नाही.

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात होल्कोसेफाला फुस्का नावाची रॉबर माशी आहे. अवघी सहा मिलिमीटरची. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी तिच्या शिकारीचं वेगवान कॅमेऱ्यांनी चित्रण केलं. २०१७ साली 'करंट बायॉलॉजी' या शास्त्रीय नियतकालिकात ते आलं. मासे पकडायच्या दोरीत बारीक मणी ओवून ते तिच्यासमोरून सरकवायचे आणि माशी त्या मण्यावर झडप घालायची, असा प्रयोग. मणी असल्याने वेग, दिशा, आकार, सगळं यांच्या हातात.

दोन गोष्टी कळल्या. एक, ती भक्ष्य आत्ता जिथे आहे तिकडे उडतच नाही. भक्ष्याची दिशा आपल्या दृष्टीने बदलणार नाही अशा बेताने उडत राहते. तसं केलं की दोघांचे मार्ग पुढे एका ठिकाणी आपोआप मिळतात. समुद्रावर दुसरं जहाज सतत एकाच दिशेला दिसत असेल आणि जवळ येत असेल तर टक्कर अटळ, हे खलाशांना माहीत असतं. खलाशी ते टाळायला वापरतात, माशी टक्कर घडवून आणायला.

दोन, भक्ष्य तीसेक सेंटीमीटरवर आलं की तिचा बेत बदलतो. सरळ जाऊन थडकण्याऐवजी ती वळण घेते, वेग कमी करते आणि भक्ष्याच्या मागून, जवळपास त्याच्याच वेगाने, त्याला गाठते. मग पायांनी पकडणं सोपं. समोरासमोर आपटली असती तर सहा मिलिमीटरच्या जिवाला ते परवडलं नसतं.

हे जमतं डोळ्यांमुळे. संयुक्त डोळ्यात हजारो छोटी भिंगं असतात. हिच्या डोळ्याच्या समोरच्या मधल्या पट्टीत ती भिंगं प्रमाणाबाहेर मोठी आहेत, ७८ मायक्रॉनपर्यंत. कडेला छोटी. म्हणजे सगळा खर्च एका छोट्या खिडकीवर केलाय. त्या खिडकीतून तिला कितीतरी मोठ्या चतुराइतकं बारीक दिसतं, बाकी डोळा कामचलाऊ. म्हणूनच डोकं वळवावं लागतं. भक्ष्य त्या खिडकीत आणल्याशिवाय नेम लागत नाही.

तिसरी आळी

माझ्या चष्म्याचा बायफोकल याच तत्त्वावर आहे, फक्त झडप जमत नाही.

@भिंगवाला, एक बाळबोध प्रश्न. मणी खाता येत नाही हे कळल्यावर माशी काय करते?

भिंगवाला

सोडून देते आणि जागेवर येऊन बसते. पुढचा मणी आला की पुन्हा जाते. पण मणी फार मोठा असेल तर उठतच नाही. लांबचं मोठं आणि जवळचं छोटं डोळ्यात सारखंच दिसतं, तरी तिची निवड बहुतेक वेळा बरोबर ठरते. आकार आणि वेग यांचा मेळ ती कसा घालते हा त्या कामातला मला सगळ्यात आवडलेला भाग आहे, पण तो सांगायला आकृती काढावी लागेल.

रसायनी

विषाचा मुद्दा राहिलाय. रॉबर माशी सोंड खुपसते तेव्हा आधी लाळ आत सोडते. त्या लाळेने भक्ष्य जागच्या जागी लुळं पडतं, आणि आतलं मांस पातळ होतं. मग शोषायचं. बाहेरचं कवच जसंच्या तसं खाली पडतं, आत काही नाही.

ही लाळ म्हणजे विषच, हे कळलेलं होतं, पण ते विष नेमकं कशाचं बनलंय यावर काम झालं ते अलीकडे. २०१८ मध्ये युरोपातल्या दोन जातींच्या, युटोल्मस रुफिबार्बिस आणि माकिमस आर्थ्रिटिकस, विषग्रंथी तपासल्या गेल्या. त्यात असे प्रथिनांचे प्रकार मिळाले जे इतर विषारी प्राण्यांत दिसत नाहीत. त्यांना असिलिडिन नाव दिलं. त्यातलं एक प्रयोगशाळेत तयार करून मधमाश्यांना टोचलं तर मज्जासंस्थेवर परिणाम झाला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या डोलोपस जेनिटॅलिस या मोठ्या रॉबर माशीच्या विषाचाही अभ्यास आला.

अवांतर: टणक शेणकिड्याला सोंड कुठे खुपसत असेल हा प्रश्न पडला असेल तर उत्तर सोपं आहे. किडा उडत असताना त्याची वरची कडक झाकणं उघडलेली असतात आणि पाठीची मऊ बाजू उघडी असते. नाहीतर मानेचा सांधा. बसलेल्या शेणकिड्यापेक्षा उडणारा शेणकिडा मारायला सोपा.

मधुकोश

मी मधमाश्या पाळतो, त्यामुळे रॉबर माशी हा शब्द वाचूनच कपाळाला आठ्या पडल्या. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर ही जात आमच्या पेट्यांसमोर दबा धरून बसत नाही. तिचा बाजार शेणाजवळ.

खरा उपद्रव अर्जेंटिनात आहे. मॅलोफोरा रुफिकॉडा नावाची रॉबर माशी पंपास या गवताळ प्रदेशात मधमाश्यांच्या मागे असते. दिसायला थेट केसाळ भुंग्यासारखी. मादी अंडी घालते ती उंच गवताच्या शेंड्यांवर, कुंपणाच्या तारांवर. तिथून अळ्या वाऱ्याने खाली पडतात, मातीत शिरतात आणि हुमणीच्या अळ्या शोधून त्यांच्या अंगाला चिकटून त्यांना खातात. हुमणी पिकांची मुळं खाते. म्हणजे एकाच माशीला मधवाला शिव्या देणार आणि शेतकरी हात जोडणार. आता करता काय!

शंकेखोर

चहा झाला. तिसरी शंका.

औषधावर सगळं खापर फोडणं मला पटत नाही. तुमच्याच हॉर्नेट रॉबर माशीला ससेही चालतात ना? सशांच्या लेंड्यांजवळही ती दिसते, असं मी वाचलंय. १९५३ साली मिक्सोमॅटोसिस हा सशांचा जीवघेणा रोग ब्रिटनमध्ये आला आणि थोड्याच वर्षांत ससे पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त मेले. ससे गेले, गवत वाढलं, झुडपं आली. खुरटलेलं, ऊन लागणारं माळरान संपलं. (आयडीला उद्देशून नाही.) त्या काळी आयव्हरमेक्टिन कुठे होतं? ते जनावरांसाठी बाजारात आलं १९८१ मध्ये.

आणि त्याआधीपासून नांगर. १९३० च्या दशकापासून १९८४ पर्यंत इंग्लंड आणि वेल्समधली सखल भागातली नैसर्गिक गवताळ कुरणं ९७ टक्के गेली असा अंदाज आहे. युद्धात धान्य हवं म्हणून नांगरली, नंतर खत टाकून रायगवत पेरलं. ज्या माशीचं घरच गेलंय, तिला उरलेल्या घरात विष मिळालं की नाही हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे.

माळरान

आकडे मान्य, क्रमांक अमान्य.

सशांचा मुद्दा चांगला आहे. सशांच्या लेंड्या ती वापरते, तिथून शिकार करते. पण तुमचे दोन्ही मुद्दे भूतकाळ समजावतात. जे गेलं ते का गेलं. मी बोलतोय ते जे तीन टक्के उरलं त्याबद्दल. ते आता नांगरलं जाणार नाही, बरंचसं राखीव आहे, त्यावर मुद्दाम गुरं चरवतात कारण गवत खुरटं ठेवायला गुरं लागतात. आणि ती गुरं बहुतेकदा शेजारच्या शेतकऱ्याची, त्यांचं औषधपाणी त्याच्या वेळापत्रकाने. राखीव कुरण हिरवंगार, फुलं भरपूर, पाटीवर नावं लिहिलेली, आणि शेणाच्या पोमध्ये किडा नाही. मी स्वतः असे पो काडीने उलटून बघितलेत. चांगल्या पोला खालून भोकं असतात, भुसभुशीत झालेला असतो, हात लावला की फुटतो, आत पांढऱ्या वाकड्या अळ्या. मेलेला पो थापलेल्या गोवरीसारखा वाळून पडून असतो, उचलला तर अखंड उचलला जातो.

हे फक्त डोळ्यांना दिसलेलं नाही. १९८७ मध्ये रिचर्ड वॉल आणि लेस स्ट्राँग यांनी 'नेचर'मध्ये हेच छापलं. ज्या गुरांच्या पोटात आयव्हरमेक्टिन सावकाश सोडणारी मोठी गोळी ठेवली होती त्यांचे पो नेहमीसारखे कुजले नाहीत, कारण किडेच वाढले नाहीत.

तिसरी आळी

आयव्हरमेक्टिन म्हणजे तेच ना, ज्याला नोबेल मिळालं?

रसायनी

तेच. जपानच्या सातोशी ओमुरा यांनी इतो शहराजवळच्या एका गोल्फ मैदानालगतच्या मातीतून जो जिवाणू वेगळा केला त्याच्यापासून. विल्यम कॅम्बेल यांनी मर्क या औषध कंपनीत त्याचं औषधी काम केलं. २०१५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दोघांना, चीनच्या शास्त्रज्ञ तू यूयू यांच्यासोबत विभागून. आफ्रिकेत लाखो लोकांची दृष्टी वाचवलीय या औषधाने. रिव्हर ब्लाइंडनेस या दृष्टी घालवणाऱ्या जंतरोगासाठी ते फुकट देण्याची घोषणा मर्कने केली तेही १९८७ सालीच. एकाच वर्षी एका औषधाच्या दोन्ही बाजू समोर आल्या, म्हणून त्याला खलनायक करायची घाई नको.

आणि मातीतल्या एका जिवाणूने बनवलेलं रसायन शेवटी शेणातून मातीतच परत येतं, यात विनोद आहे की न्याय हे ज्याने त्याने ठरवावं.

गोठेवाली

उशिरा येतेय, पण हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे. मी वेल्समध्ये गुरांची डॉक्टर आहे. दोन्ही बाजूंना थोडं थोडं सुनावते.

माळरान, शेतकरी औषध चैन म्हणून देत नाही. वासरांना जंत झाले की वजन खुंटतं, जुलाब होतात, फुप्फुसातले जंत असतील तर खोकून खोकून वासरू मरतंही. ते बघितलेला माणूस तुमच्या माशीसाठी धोका पत्करणार नाही, आणि पत्करू नये. पण खरी गोष्ट अशी की प्रौढ गाईला आतड्यातल्या जंतांविरुद्ध बरीच प्रतिकारशक्ती आलेली असते. तरीही वर्षातून ठरलेल्या दिवशी सगळा कळप रांगेत उभा करून प्रत्येकीच्या पाठीवर औषध ओततात. हाताशी सगळी गुरं आहेत, घ्या उरकून, असा हिशेब. यातलं बरंचसं औषध अनाठायी जातं. पैसे जातात आणि शेणकिडे जातात.

त्याऐवजी ताज्या शेणाचा नमुना घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी मोजायची, आणि ज्यांना गरज आहे त्यांनाच औषध द्यायचं. वासरांचं वजन करत राहिलं तर कुठलं मागे पडतंय ते काट्यावरच दिसतं. हे नवीन ज्ञान नाही, कंटाळवाणं काम आहे एवढंच.

शंकेखोर, तुमचा मुद्दा असा होता की औषध तिसऱ्या क्रमांकावर. असेल. पण पहिले दोन क्रमांक माझ्या हातात नाहीत. गेलेलं कुरण मला परत आणता येत नाही, ससेही नाही. कुठलं औषध, कधी, कुठल्या गुराला, हे मात्र पुढच्या मंगळवारी मी आणि शेतकरी गोठ्यात उभं राहून ठरवू शकतो.

शंकेखोर

हे मात्र मला खोडता येत नाही. पण औषध बदललं तर? आयव्हरमेक्टिन सोडून दुसरं द्या, प्रश्न मिटला.

गोठेवाली

अर्धा मिटतो. फेनबेन्डाझोलसारखी पांढरी औषधं किंवा लेव्हामिसोल शेणकिड्यांना जवळपास निरुपद्रवी. मॉक्सिडेक्टिन आयव्हरमेक्टिनच्याच घराण्यातलं, पण शेणकिड्यांवर तुलनेने सौम्य. अडचण अशी की आयव्हरमेक्टिन एका दमात पोटातले जंत, फुप्फुसातले जंत आणि अंगावरच्या उवा-खरूज सगळं हाणतं, म्हणून ते लाडकं. पांढरी औषधं अंगावरच्या किड्यांना काही करत नाहीत. आणि माश्या-गोचिडांसाठी पाठीवर पायरेथ्रॉइड जातीचं कीटकनाशक ओतलं तर तेही शेणात उतरतं आणि किडे मारतं. हे मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, कारण ते 'जंताचं औषध' नाही.

वेळेचाही भाग आहे. औषध दिल्यावर किती दिवस शेण विषारी राहतं ते औषधावर आणि देण्याच्या पद्धतीवर ठरतं, पण आयव्हरमेक्टिनचं टोचण किंवा पाठीवरचं ओतण असेल तर आठवड्यांत मोजा. तेवढा काळ ती गुरं राखीव कुरणावर न सोडता दुसरीकडे ठेवता आली तर तेवढ्यानेही फरक पडतो. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने तेवढं कबूल केलं. औषध सोडायला तयार नव्हता, पण फाटक बदलायला तयार झाला.

निवांत

कायद्याने काही संरक्षण आहे का हिला?

माळरान

आहे आणि नाही. युके बायोडायव्हर्सिटी ॲक्शन प्लॅनमध्ये (जैवविविधता जपायच्या ब्रिटनच्या आराखड्यात) तिचं नाव होतं, आणि पुढे इंग्लंडात २००६ च्या कायद्याच्या कलम ४१ खालच्या प्राधान्याच्या जातींच्या यादीत ते आलं. याचा अर्थ सरकारी संस्थांनी निर्णय घेताना तिचा विचार करावा. विचार करून मग काय करावं ते लिहिलेलं नाही. आणि शेतकऱ्याने गाईला काय द्यावं यावर त्या यादीचा काडीचा परिणाम नाही. यादीत माशी आहे, शेण नाही.

@गोठेवाली, फाटकाची गोष्ट मला फार पटली. ज्या राखीव कुरणांच्या चराईच्या करारात किती गुरं, कुठल्या महिन्यात, एवढंच लिहिलेलं असतं, तिथे 'औषध दिल्यावर अमुक आठवडे दुसऱ्या शेतात' अशी एक ओळ घालणं अवघड नाही. अंड्यांची तपासणी करून देण्याचा खर्च कुरण चालवणाऱ्या संस्थेने उचलला तर शेतकरी नाही का म्हणेल?

गोठेवाली

खर्चाला नाही म्हणणार नाही, कटकटीला म्हणेल. नमुना गोळा कोण करणार हा पहिला प्रश्न येतो. तो शेतकऱ्यावर टाकू नका. तुमच्याकडे माश्या मोजायला येणारे हौशी लोक असतात ना, नाहीतरी सकाळभर ते पो बघतच फिरत असतात. त्यांच्या हातात हातमोजे आणि डबी द्या. ताजा, ऊब असलेला पो हवा, कालचा नको, कारण उन्हात ठेवलं की अंडी फुटून आकडा खोटा येतो. डबी काठोकाठ भरून झाकण घट्ट लावायचं, म्हणजे हवा राहत नाही. लगेच देता येत नसेल तर थंड जागी, पण फ्रीझरमध्ये नाही. आणि वासरांचे आणि गाईंचे नमुने वेगळे. एकत्र केलेत तर मला पुन्हा सगळं करायला लागेल.

माळरान

घेतलं लिहून. ऑगस्टच्या गणतीच्या पत्रकात हातमोजे आणि डब्यांची ओळ घालतो. वासरांच्या डब्यांना लाल झाकण चालेल?

गोठेवाली

चालेल. तारीख झाकणावर नको, डबीवर लिहा. झाकणं बदलतात.